शेत तिचं, सातबारा कुणाचा?

फाल्गुन लागला की आमच्या बजाजनगरातली शनिवारची संध्याकाळ लगेच ओळखू येते. मोरे चौकातून गाड्या निघतात. पुढे दुमडलेली रिकामी पोती, मध्ये पोरगं, मागे बायको, तिच्या मांडीवर विळ्याची पिशवी. कुणी गंगापूरकडे, कुणी वैजापूरकडे, कुणी पैठणच्या बाजूला. बजाजचा कारखाना वाळूजला १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग आमची ही वसाहत उभी राहिली. चाळीस वर्षं झाली. तरी इथल्या कितीतरी घरांचं एक पाऊल अजून गावच्या बांधावरच आहे. रविवारी रात्री हीच मंडळी परत येतात तेव्हा पोती भरलेली असतात आणि बाईचे हात पिवळे-काळे झालेले असतात. सोमवारी सकाळी पुन्हा डबे, शाळा, पाळी.

आमचंही तसंच. गंगापूर तालुक्यात साडेचार एकर आहे. एक विहीर, जी चैत्रात तळ दाखवते. शेत बघते माझी धाकटी जाऊ. 'बघते' हा शब्द मीही इतकी वर्षं सहज वापरत आले. घरात कुणी विचारलं तर आम्ही सांगायचो, शेत ह्यांच्या नावावर आहे, गावाकडे जाऊबाई बघतात. या वर्षी मात्र त्या 'बघते'चा अर्थ काय होतो ते मला नीट कळलं, म्हणून हा लेख.

मैत्रिणींनो, शहरातल्या मासिकांत वसंत ऋतू म्हणजे पळस फुलला, आंब्याला मोहोर आला, कोकिळा ओरडली. ते सगळं आमच्या बांधावरही होतं. फक्त वर बघायला कुणाला सवड नसते. होळी ते अक्षय्य तृतीया हा छोट्या शेतकऱ्याच्या घरात बाईचा सगळ्यात जड काळ.

हरभऱ्यापासून सुरुवात होते. तो पहाटेच उपटायचा, दव असताना, कारण ऊन चढलं की घाटे तडकतात आणि दाणे रानात सांडतात. म्हणजे चारला उठून भाकरी थापून साडेपाचला शेतात. दवाबरोबर हरभऱ्याचा खार हाताला लागतो, भेगांत असा झोंबतो की डोळ्यांत पाणी येतं. मग शाळू. तो काढायचा, कणसं खुडायची, कडब्याच्या पेंढ्या बांधायच्या. मध्येच कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचायच्या, कारण तेच वर्षभराचं सरपण. गॅस आहे घरात, पण तो पाहुणे आले की चहापुरता. मग गहू. आणि सगळ्यांच्या वर, मार्चच्या शेवटापासून एप्रिलभर उन्हाळी कांदा.

कांद्याचं काम ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. माना मोडून पडल्या की कांदा उपटायचा, दोन-चार दिवस शेतातच पातीखाली झाकून सुकू द्यायचा, मग उन्हात बसून एकेका कांद्याची पात विळ्याने कापायची. बोटभर मान ठेवायची, नाहीतर चाळीत सडतो. गोल्टी वेगळी, मध्यम वेगळा, मोठा वेगळा. दिवसभर उकिडवं बसून पुढे सरकत राहायचं. माझी जाऊ अडतीस वर्षांची आहे आणि तिचे गुडघे माझ्या सासूबाईंसारखे वाजतात.

आणि हे शेतातलं झालं. याच दिवसांत घरी तूर तेल-पाण्याचा हात देऊन वाळवायची, डाळ करायची. गव्हात कडुलिंबाचा पाला घालून कोठ्या भरायच्या. तिखट-मसाला करायचा. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढायचा आणि पहाटे शिजवून ऊन यायच्या आत सोऱ्यातून घालून मोकळं व्हायचं. कुरडया घालून झाल्या की कांद्याला जायचं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली लोकांचा वेळ कशात जातो याची पाहणी केली. घरचं बिनपैशाचं काम करणाऱ्यांमध्ये बाईची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं निघाली आणि पुरुषाची ८८. मी हे जाऊला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "ताई, अठ्ठ्याऐंशी मिनिटं करतंय कोण?"

एक गोष्ट मला गेल्या काही वर्षांत फार जाणवते. शेतात यंत्रं आली, पण ती सगळी पुरुषांच्या कामाला आली. नांगरणी ट्रॅक्टरने, पेरणी ट्रॅक्टरने. गहू सोंगायला हार्वेस्टर येतं, तासाभरात एकर मोकळं. मळणी यंत्रावर. पण हार्वेस्टरच्या मागे पडलेल्या ओंब्या वेचायच्या कुणी? नांगराआधी धसकटं वेचायची कुणी? हरभरा, कांदा, कापसाची वेचणी, खुरपणी ही कामं आहेत तशीच हाताची राहिली, म्हणजे बाईची राहिली. आणि हाताचं काम म्हणून त्याचं मोलही कमी. आमच्या भागात बाईला तीनशे-साडेतीनशे रोज मिळतो तिथे गड्याला पाचशे. ट्रॅक्टरवाल्याचं तर बोलायलाच नको, तो तासावर घेतो.

देशाचे आकडेही हेच सांगतात. २०२३-२४ च्या श्रमबल पाहणीप्रमाणे ग्रामीण भागात काम करणाऱ्या दर चार बायकांपैकी तीन शेतीत आहेत. आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेत बायकांकडे असलेल्या वहिती खात्यांचं प्रमाण होतं सुमारे १४ टक्के. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे साल आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केलंय. त्यानिमित्त भाषणं होतील, सत्कार होतील, डोक्यावर टोपली घेतलेल्या हसऱ्या बाईची पोस्टर्स लागतील. मला मात्र आमच्या घरचीच गोष्ट सांगायची आहे, कारण ती खूप घरांची असणार.

माझे सासरे २०२१ साली गेले. पुढच्या वर्षी धाकटे दीर गेले, आजारपण निघालं आणि चार महिन्यांत संपलं. जाऊच्या पदरात एक मुलगा, एक मुलगी. दुःखात कागदाचं कुणाच्या डोक्यात येणार? शेत सासऱ्यांच्याच नावावर राहिलं. "काय घाई आहे, आपलंच आहे," असं आमचे हे म्हणायचे आणि मलाही ते पटायचं. शेत पिकत होतं. जाऊ पेरत होती, खुरपत होती, विकत होती. कागदावर मात्र ते एका वारलेल्या माणसाचं होतं.

मग १ एप्रिल २०२५ पासून सरकारने राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. बुलढाण्यात सुरू झालेला प्रयोग चांगला दिसला म्हणून तो सगळीकडे नेला. गावोगाव वारलेल्या खातेदारांच्या याद्या वाचायच्या, वारसांकडून कागद घ्यायचे, त्यांची नावं लावायची. मनापासून सांगते, चांगली मोहीम होती. गावात दवंडी फिरली. जाऊचा मला फोन आला, "ताई, कांदा रानात उघडा पडलाय, आभाळ आलंय, बाया मिळंनात. मी तिकडं जाऊन बसू की इथं?" मी म्हटलं, आधी कांदा काढ. २०१४ च्या मार्चमधली गारपीट आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. लिंबाएवढ्या गारांनी उभा गहू झोपवला होता. तेव्हापासून फाल्गुन-चैत्रात आभाळ आलं की आमच्याकडे सगळ्यांच्या पोटात गोळा येतो.

तर कांदा वाचला आणि मोहीम हुकली. आता विचार करा, ही मोहीम नेमकी एप्रिल-मेमध्ये का? मार्चअखेरची गडबड संपली की कचेरीला सवड मिळते, हे कारण असेल. पण ज्या बाईचं नाव लावायचं, तिला वर्षात सगळ्यात कमी सवड असते तोच हा काळ. कचेरीच्या कॅलेंडरमध्ये कांदा नसतो.

चूक केवढ्याला पडली ते सप्टेंबर २०२५ मध्ये कळलं. मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली ती तुम्ही सगळ्यांनी पाहिली. आमच्या शेताच्या कडेने ओढा जातो. त्याने सव्वा एकर कपाशी नेली आणि वरची मातीही नेली. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पंचनामा झाला, आमच्या शेताचाही झाला. पण मदत द्यायची कुणाला? खातेदार तर वर गेलेले. शेतकरी ओळख क्रमांक नाही, कारण तो सातबाऱ्यावरच्या माणसाला मिळतो आणि १५ एप्रिल २०२५ पासून तो कृषी योजनांना सक्तीचा आहे. वारसनोंद करा, नाहीतर सगळ्या वारसांचं संमतीपत्र आणा. जाऊ चार खेपा करून आली. एकदा साहेब मीटिंगला, एकदा सर्व्हर बंद, एकदा कागद अपुरा. चौथ्या खेपेला तिथल्या कुणीतरी तिला विचारलं, "बाई, तुम्ही कोण लागता?" ती म्हणाली, "मी शेत करते." त्यावर तो हसला, असं तिने मला सांगितलं.

हसला यात त्याची एकट्याची चूक नाही. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात शेतकऱ्याची व्याख्या चांगली रुंद आहे. जमीन नावावर असो नसो, कसणारा, बटईवाला, मजूर सगळे त्यात येतात. पण योजनेचा अर्ज भरायला बसलं की व्याख्या बाजूला राहते आणि सातबारा मागतात. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी खासदार असताना महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचं खासगी विधेयक राज्यसभेत मांडलं होतं. शेती करणाऱ्या बाईला, जमीन नावावर नसली तरी, ग्रामसभेच्या संमतीने शेतकरी असल्याचा दाखला मिळावा ही त्यातली मुख्य गोष्ट. ते मंजूर न होताच संपलं. तो दाखला असता तर माझ्या जाऊला 'तुम्ही कोण' या प्रश्नाला उत्तर देता आलं असतं.

महाराष्ट्राला तर हा विषय नवा नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन भरलं होतं. आमच्या गटातल्या एक मावशी तेव्हा तरुण होत्या, ट्रकमध्ये बसून गेल्या होत्या. त्या अजून सांगतात, एवढ्या बायका आयुष्यात एका जागी पाहिल्या नाहीत. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची कल्पना मांडली. घरच्या लक्ष्मीचं कर्ज फेडायचं म्हणून नवऱ्याने आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावे करायचा आणि ज्या गावात शंभर जणांनी केला ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. सरकारनेही १९९२ साली परिपत्रक काढलं. नवऱ्याने आपखुशीने अर्ज दिला तर बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लागतं. त्याला खरेदीखत लागत नाही. आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी हे सांगितलं तर बावीस बायकांपैकी तिघींनीच ऐकलेलं होतं, आणि एकीच्याही नावावर तसं झालेलं नव्हतं. 'आपखुशीने' या शब्दापाशी सगळं अडतं, दुसरं काय.

त्याच बैठकीत एकीने पटकन सांगितलं, "नको बाई नावावर जमीन, लाडक्या बहिणीचे पैसे जातील." बाकीच्यांनी माना डोलावल्या. ही भीती मी आता पुष्कळ ठिकाणी ऐकते, म्हणून जरा नीट सांगते. जुलै २०२४ मध्ये योजना आली तेव्हा पाच एकरांची अट होती हे खरं, पण ती त्याच महिन्यात काढून टाकली. म्हणजे जमीन आहे म्हणून नाव कापलं जात नाही. दुसरं, जिच्या स्वतःच्या खात्यावर पीएम-किसान आणि नमो शेतकरीचे मिळून वर्षाला १२,००० येतात, तिला लाडक्या बहिणीचे पंधराशेऐवजी पाचशे देतात. महिन्याचे हजार अधिक पाचशे, म्हणजे पंधराशेच झाले. पैसे जात नाहीत. नवऱ्याला किसानचे पैसे येतात म्हणून बायकोचे कमी होत नाहीत. आणि १ फेब्रुवारी २०१९ नंतर वारसाशिवाय दुसऱ्या मार्गाने जमीन नावावर झाली असेल तर पीएम-किसान मिळतच नाही, तेव्हा लक्ष्मीमुक्तीने नाव लागलं तर हा हिशेबच येत नाही.

पण त्या पाचशेच्या नियमात मला एक गोष्ट खुपते. किसानचे पैसे पुरुषाला मिळतात तेव्हा ते शेतकरी म्हणून मिळतात. बाईला मिळाले की ते तिच्या बहीणपणातून वजा होतात. ती शेतकरी आणि बहीण दोन्ही एका वेळी असू शकत नाही. पंधराशे रुपये बायकांना हवेत, मी त्याच्या विरोधात नाही. त्या पैशांत पोरांच्या वह्या येतात, औषध येतं, आमच्या गटात कितीजणींनी शेळी घेतली. पण पंधराशे रुपये कुणी बंद केले तर बंद होतात. सातबाऱ्यावरचं नाव तसं कुणाला पुसता येत नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट, जी लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा द्यायचा कायदा महाराष्ट्राने १९९४ लाच केला, आधी लग्न झालेल्यांना सोडून. २००५ ला देशभर झाला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की २००५ ला वडील हयात असोत नसोत, मुलीचा हक्क जन्मापासूनचा. मी बचत गटात हे सगळं शिकवते. आणि मी स्वतः, माझे वडील गेल्यावर, दोन्ही भावांना हक्कसोड लिहून दिलं आहे. राखी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात. कुणी जबरदस्ती केली नाही. भाऊ गाडी घेऊन आला, वहिनीने साडी घेतली, मी सही केली. माहेर तुटू नये, एवढंच मनात होतं. साडी अजून कपाटात आहे.

आमच्या वारसनोंदीत सासूबाई, आमचे हे, जाऊ आणि तिची दोन मुलं, आणि माझी नणंद, अशी नावं येणार होती. हे म्हणाले, ताईला हक्कसोड करायला सांगू, म्हणजे कागद सोपा होईल. आणि खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं होतं. मी केलं, तर वन्सं का नाही करणार? दिवसभर हाच विचार. रात्री भांडी घासताना माझी मलाच लाज वाटली. तुकडे पडतील असं सगळेच म्हणतात. पण महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी वहिती ४.२८ हेक्टर होती ती २०१५-१६ ला १.३४ वर आली. तेवढ्या वर्षांत बहिणींना कुठे कुणी वाटा दिला होता? तुकडे भावाभावांनीच पाडले.

मी वन्संना फोन केला. हक्कसोडचं बोललेच नाही, नुसतं सांगितलं की नोंद करतोय, मृत्यूचा दाखला आणि तुमचं आधार लागेल. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "वहिनी, माझं नाव राहू द्या. मला पीक नको, धाकटीलाच खाऊ द्या. पण दादाने नाव काढायला सांगू नये." ह्यांना ते लागलं. दोन दिवस घरात जेवताना बोलणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी हे कंपनीतून आले आणि आधार कार्डाच्या झेरॉक्स मागितल्या. मनातून पटलं का, ते मी विचारलं नाही.

तुमच्या घरीही अशी नोंद राहिली असेल तर फार अवघड नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं-पत्ते, वारसाबद्दल शपथपत्र असे कागद लागतात. अर्ज तलाठ्याकडे द्यायचा, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, किंवा ई-हक्क वर ऑनलाइन भरायचा. फेरफार नोंदला की नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, मग मंडळ अधिकारी मंजूर करतात. अर्जात सगळ्या मुली लिहिल्यात ना, आणि विधवा सुनेचं नाव वारस म्हणून लागतंय ना, की नुसतं मुलांचं 'पालक' म्हणून, हे स्वतः वाचा. मी वाचलं म्हणून आमच्या अर्जातून जाऊच्या मुलीचं नाव गळलेलं सापडलं. लिहिणाऱ्याने मुलगा लिहिला आणि मुलगी विसरला.

आमच्याकडे पाडवा म्हणजे शेतीचं नवं वर्ष. सालगड्याचं साल पाडव्याला बदलतं, बटईचे आणि ठोक्याचे व्यवहार पाडव्याला ठरतात. यंदा आम्ही सगळे गावी गेलो होतो. वन्संही आल्या. गुढी उभारली, कडुलिंबाची पानं खाल्ली. जेवणं झाल्यावर शेजारच्या दोघा-तिघांनी ह्यांना विचारलं, शेत ठोक्याने देता का? इतकी वर्षं असलं काही विचारलं की हे उत्तर द्यायचे. या वेळी हे म्हणाले, "तिला विचारा." जाऊ घरात कुरडया डब्यात भरत होती. तिने आतूनच सांगितलं, "देत नाही."

या हंगामासाठी केंद्राने हरभऱ्याचा हमीभाव ५,८७५ रुपये जाहीर केलाय. जाऊचा हरभरा पोत्यात आहे. हमीभाव केंद्रावर नोंदणीला सातबारा लागतो, तो अजून सासऱ्यांच्याच नावाचा. थांबावं की मोंढ्यात मिळेल त्या भावाने घालावा, यावर तिचा आणि तिच्या मुलाचा वाद चालला होता. पोरगा नववीला आहे, मोबाईलवर पीक पाहणी तोच करतो. अतिवृष्टीचे पैसेही अजून यायचेत.

फेरफाराची नोटीस लागली आहे. मुदत संपेल त्याच आठवड्यात कांदा काढायला येतो. निघताना जाऊ गाडीपाशी आली, डब्यात कुरडया दिल्या आणि म्हणाली, "ताई, त्या दिवशी मला तिकडं जावंच लागंल का? नाय, म्हणजे बाया सांगून ठेवल्यात." मी म्हटलं, लागेल. बायांना मी सांभाळते, विळा काढून ठेव.